जबड्याचा सातबारा

मनुष्यदेह ही आपली पिढीजात मिरास आहे आणि तिच्या चतुःसीमेत आपल्या संमतीवाचून काडीही इकडची तिकडे होत नाही, अशी जी एक सुखद समजूत प्रत्येक गृहस्थ साठीपर्यंत उराशी बाळगून असतो, तिचा फोलपणा वैद्यकशास्त्राच्या अन्य कोणत्याही शाखेपेक्षा दंतवैद्यक त्याला अधिक स्पष्टपणे आणि अधिक खर्चात पटवून देते. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे मातब्बर अवयव बिघडले, तर निदान घरात धावाधाव होते, आप्तेष्ट शहाळी घेऊन येतात, आणि रुग्णाला काही काळ का होईना कर्त्या पुरुषाची प्रतिष्ठा पुन्हा लाभते. दाढ पडली, तर मात्र 'उद्यापासून भाकरी कुस्करून देत जाऊ का?' या सुनेच्या एका प्रश्नावर सगळ्या शोकप्रसंगाची सांगता होते. दाढेचे सुतक कोणी पाळीत नाही, आणि तिच्यामागे उरलेल्या खड्ड्याकडे यजमानाच्या जिभेखेरीज कोणी फिरकतही नाही.

आमचे एक स्नेही महसूल खात्यात मामलेदारीपर्यंत चढून निवृत्त झाले. पेन्शन सुरू होऊन बराच काळ लोटला असला, तरी जगातील यच्चयावत घडामोडी अर्ज, चौकशी, पंचनामा आणि हुकूम या चार पायऱ्यांनीच घडतात, ही त्यांची श्रद्धा अद्याप अभंग आहे. त्यांच्या वरच्या जबड्यातील उजवीकडच्या दोन दाढा आणि त्यांच्याखालची एक, अशी तीन ठाणी नोकरीच्या ऐन धामधुमीत, मिळेल त्या तालुक्याच्या गावी, मिळेल त्या दंतवैद्याकडून उठविण्यात आली होती. 'ठणका थांबला ना? मग झालं!' एवढा शेरा मारून त्यांनी ती प्रकरणे दप्तरदाखल केली आणि पुढील आयुष्य डाव्या बाजूने चावून काढले. यंदा नातीचे लग्न ठरले, आणि लग्नाच्या फोटोत आजोबांचा उजवा गाल आत ओढलेला दिसू नये, या वहिनींच्या आग्रहाखातर त्यांनी रिकाम्या जागी कायमचे दात बसवून घेण्याचा, म्हणजे इम्प्लांट करण्याचा, संकल्प सोडला. साक्षीदार म्हणून मला बरोबर नेले. मामलेदारसाहेब साक्षीदाराशिवाय केसही कापून घेत नाहीत.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या नातीएवढ्या. त्यांनी स्कॅन संगणकाच्या पडद्यावर चढविला, जबड्याचे उभे-आडवे छेद एकामागून एक सरकवून पाहिले, आणि खुर्ची आमच्याकडे वळवून त्या म्हणाल्या, "काका, दात बसवायला माझी काहीच हरकत नाही, पण बसवायचा कशात? बोन गेलंय."

"गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"कुठं गेलं नाही, विरलं. वापरात नव्हतं ना, म्हणून शरीरानं परत घेतलं."

"कोणाच्या हुकमानं?"

महसूल खात्याच्या सहवासाचा योग डॉक्टरीणबाईंना पूर्वी आला नसावा. त्या नुसत्या हसल्या आणि कागदाच्या पाठीवर आकृती काढू लागल्या. त्या आकृतीतून जे निष्पन्न झाले, ते असे की, जबड्याचे हाड वरवर एकसंध दिसत असले, तरी हक्काच्या दृष्टीने त्यात दोन निराळे गट आहेत. खालचा पाया जबड्याच्या स्वतःच्या मालकीचा. पण ज्या काठात दातांची मुळे रोवलेली असतात, तो काठ दात उगवू लागले म्हणजे त्यांच्यासाठी उभा राहतो, दात आहेत तोवर नांदतो, आणि एखादा दात जन्मतःच नसला, तर त्या जागी तो नीटसा उभाच राहात नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे असते. घास चावताना त्या तंतूंवर पडणारा ताण हाच काय तो त्या काठाचा खुराक. ज्या पातळ अस्तरात हे तंतू गुंतलेले असतात, ते अस्तर सर्वस्वी दाताच्या नावाने चढलेले असते. दात गेला की तंतू गेले, तंतू गेले की ताण गेला, आणि ताण गेला की शरीराच्या लेखी त्या हाडाला कवडीचे प्रयोजन उरत नाही.

"म्हणजे चाकरीचं वतन म्हणा की!" मामलेदारसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "चाकरी आहे तोवर जमीन, चाकरी संपली की जमीन खालसा."

याहून नेमके वर्णन दंतवैद्यकाच्या क्रमिक पुस्तकातही सापडणार नाही, असे माझे मत आहे. १८५२ च्या इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामदारांकडे सनदा मागितल्या, आणि ज्यांना त्या दाखविता आल्या नाहीत, त्यांची इनामे जप्त केली. परंतु त्या कमिशनने निदान नोटिसा तरी काढल्या होत्या, आणि जाबजबाबांत वर्षेच्या वर्षे जाऊ दिली होती. देहाचे कमिशन नोटीस काढीत नाही, आणि अपिलाला येथे जागाच नाही. हाड ज्या भाराखाली वावरते, त्या भाराप्रमाणे आपली घडण बदलीत जाते, हा सिद्धान्त बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. पण जबड्यापर्यंत तो ग्रंथ पोहोचण्यापूर्वीच जबड्याने त्याची अंमलबजावणी चालविली होती. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते, आणि त्यातलीही बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच उरकते. पुढच्या दातांची ओठाकडची भिंत तर बहुधा एका मिलिमीटरहूनही पातळ असते. ती सर्वांत आधी जमीनदोस्त होते. आणि ज्यांनी रिकाम्या जागेवर कवळी चढवून आपण वहिवाट राखली असे मानले, त्यांचीही धडगत नाही. कारण कवळी हिरडीवर नुसती बसते, हाडाला ओढीत नाही, आणि तिच्या दाबाखाली काठ झिजतच जातो. कवळीधारकांचा पंचवीस वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला, त्यात खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेला आढळला. भाषणाच्या ऐन रंगात अध्यक्षमहोदयांची खालचीच कवळी का सुटते, याचा उलगडा मला त्या दिवशी प्रथमच झाला. आजवर मी तो दोष त्यांच्या विचारांना देत आलो होतो.

खालच्या जबड्यात निदान जप्तीवर भागते. वरच्या जबड्यात तीवर अतिक्रमणाची भर पडते. वरच्या दाढांच्या मुळांच्या डोक्यावर, गालफडाच्या हाडात, नाकाशी संधान असलेली एक हवेची पोकळी असते. तिला सायनस म्हणतात, आणि सर्दीखेरीज अन्य प्रसंगी तिची आठवण कोणाला होत नाही. दाढा जागेवर असेपर्यंत ही शेजारीण मर्यादेने वागते. दाढा गेल्या की वरून ती खाली पसरू लागते, आणि इकडे खालून काठ झिजत असतोच. या दुहेरी आक्रमणात मधले हाड असे काही चिणून जाते की, मामलेदारसाहेबांच्या स्कॅनमध्ये दोन दाढांच्या जागी अवघे तीन मिलिमीटर शिल्लक होते. इम्प्लांटला हवे होते त्याच्या तिप्पट. "हद्द कायम करा," मामलेदारसाहेब गंभीरपणे म्हणाले, "मोजणी आणून पुन्हा खुणा रोवा." आणि आश्चर्य असे की, शस्त्रक्रियेत करावयाचे होते ते बरोबर हेच.

उरल्यासुरल्या हाडाची प्रतही पाहावी लागते. कार्ल मिश नावाच्या अमेरिकन दंततज्ज्ञाने जबड्याच्या हाडाच्या चार प्रती ठरविल्या आणि ड्रिल चालविताना हाताला काय जाणवते ते सांगण्यासाठी त्यांना लाकडांच्या उपमा दिल्या: पहिली प्रत ओकच्या लाकडाची, दुसरी पाइनची, तिसरी बाल्साची, आणि चौथी थर्मोकोलची. खालच्या जबड्याचा समोरचा भाग बहुधा वरच्या प्रतीचा निघतो. वरच्या जबड्याची पिछाडी थर्मोकोलकडे झुकते. हे ऐकून मामलेदारसाहेब काही वेळ स्तब्ध राहिले आणि मग त्यांनी, थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असताना आपल्या जबड्यावर कारवाई होऊ शकते काय, अशी पृच्छा केली. डॉक्टरीणबाई एव्हाना सरावल्या होत्या. "म्हणूनच बदलून घेऊ या, काका," त्या म्हणाल्या.

हाडात धातू रोवून त्यावर दात चढविण्याची ही विद्या मुळात एका अडचणीतून जन्माला आली. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे गृहस्थ १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक चिमुकली नळी बसवून आतील रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकातून न्याहाळीत होते. नळी महागाची, प्रयोग संपला की काढून घेऊन दुसऱ्या सशात वापरावी, असा काटकसरीचा बेत. परंतु काढू जाता ती निघेना. हाड धातूला असे बिलगले होते की, दोहोंत फट म्हणून उरली नव्हती. सरकारी खात्यात अशा प्रसंगी संशोधकाकडून नळीची किंमत वसूल करण्यात आली असती. ब्रोनेमार्क यांनी मात्र त्या न निघण्यातच दातांचे भवितव्य पाहिले. १९६५ साली योस्ता लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे खुंट रोवले. जन्मतःच जबड्यात व्यंग असलेला तो मनुष्य २००६ साली वारला तोवर त्या खुंटांवरच जेवत होता. विद्वानांना ही गोष्ट पटावयास मात्र १९८२ ची टोरोंटोची परिषद उजाडावी लागली. लार्सनला ती त्यापूर्वी सतरा वर्षे, दिवसातून निदान दोनदा, पटत आली होती.

खुंट पक्का होतो, पण तो रोवण्यास जमीन हवी, आणि जमीन गेली असेल तर ती बाहेरून आणून भरावी लागते. ही भरती कोणत्या हाडाची करावी, या प्रश्नावर मामलेदारसाहेबांच्या ओसरीवर जो खल झाला, तो मी आयुष्यात ऐकलेल्या वादांपैकी सर्वांत विद्वत्तापूर्ण होय. वेदान्ताची चर्चाही आम्ही याहून कमी गांभीर्याने केली आहे.

सर्वांत कुलीन ते स्वतःचे हाड. हनुवटीतून, अक्कलदाढेच्या मागून, किंवा मोठीच भर घालावयाची असेल तर कमरेच्या हाडातून तुकडा काढून तो उणिवेच्या जागी बसवितात. त्यात जिवंत पेशी असल्यामुळे तो सर्वांत लवकर रुजतो. "एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वर्ग करायची. ऑडिटचा आक्षेप येणार नाही," असा मामलेदारसाहेबांचा अभिप्राय पडला. पण कमरेतून हाड काढल्यास काही दिवस लंगडावे लागते, हे कळताच वहिनींनी प्रशासकीय मंजुरी नाकारली. "चावता यावं म्हणून चालणं घालवायचं? लग्नात अक्षता टाकायला मी एकटीनं फिरू?"

मग परक्या माणसाचे, म्हणजे दात्याने दिलेले हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशा ऊतींची पेढी आहे. तेथे हाड शुद्ध करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. येथे दधीचीचे स्मरण होणे अपरिहार्य होते, आणि ते सर्वांना एकदमच झाले. फरक एवढाच की, दधीचीच्या हाडांचे वज्र झाले आणि वृत्रासुराचा वध घडला. आमच्या बाबतीत त्यागाची परिसीमा शेंगदाण्याच्या चिक्कीपाशी होणार होती. मामलेदारसाहेबांना तत्त्वतः हरकत नव्हती. दुसऱ्याची मिळकत आपल्या नावावर चढवायची तर फेरफाराची नोंद कशी घालावी, एवढीच त्यांची शंका. वहिनींची शंका निराळी होती. "कोणाचं असेल, कुठलं असेल, उद्या झोपेत यांच्या तोंडून भलत्याच भाषेत शिव्या बाहेर पडल्या म्हणजे?"

कृत्रिम चुऱ्याचाही विचार झाला. कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे असतात, हाडाला चिकटणारी एक काच असते, जिचा शोध लॅरी हेंच यांनी १९६९ साली लावला, आणि समुद्रातील प्रवाळावर प्रक्रिया करून केलेला मालही असतो. पोवळे जबड्यात गेल्यास बोटातील अंगठी काढावी लागेल काय आणि मंगळाला ते चालेल काय, यावर थोडी चर्चा होऊन हा विषय मागे पडला. कारण डॉक्टरीणबाईंचा कल त्यांच्या हातच्या, पुष्कळ वर्षांच्या अनुभवाने खात्रीच्या ठरलेल्या एका चुऱ्याकडे होता, आणि तो चुरा गाईच्या हाडाचा होता.

हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. संमतिपत्रात त्यासाठी स्वतंत्र रकाना होता. गुरांचे हाड घेऊन, तापवून आणि रसायनांनी धुऊन त्यातला मांस-मज्जेचा व प्रथिनांचा अंश काढून टाकतात, आणि उरते ते निव्वळ खनिज, सच्छिद्र आणि पांढरे. तो चुरा जागेवर राहावा म्हणून वरून कोलॅजनचा पातळ पडदा घालतात. हे कोलॅजन पुष्कळदा डुकराचे असते. १८५७ साली काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे, या वार्तेने कंपनी सरकारचे आसन डळमळले, आणि ती काडतुसे दातांनीच तोडावयाची होती, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांच्या आत, ते दोन्ही पशू एका गृहस्थाच्या एका दाढेच्या जागेत, एकाखाली एक, स्वसंतोषाच्या सहीनिशी आणि आगाऊ रक्कम भरून, शांतपणे नांदू लागावेत, याला इतिहासाचा विनोद म्हणावे की भूलशास्त्राची प्रगती, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना हे रुचत नाही त्यांच्यासाठी दुसरा माल असतोच. डॉक्टरीणबाईंनी तसे तीनदा बजावले.

धर्माची ही अडचण काही आपलीच नव्हे. ॲम्स्टरडॅमचे शल्यवैद्य योब व्हान मेकेरेन यांच्या १६६८ साली छापलेल्या ग्रंथात एका रशियन सरदाराची ऐकीव हकिकत आहे. तलवारीने त्याच्या कवटीचा तुकडा उडाला होता, आणि मॉस्कोतील वैद्याने तेथे कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवून त्याला बरे केले. चर्चला हे कळताच त्याला बहिष्कृत करण्यात आले. ख्रिस्ती मस्तकात श्वानाचे हाड चालणार नाही, ते काढल्याशिवाय देवळाची पायरी चढू देणार नाही, असा निकाल झाला. अस्थिरोपणाचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक या कथेचा शेवट असा करतात की, सरदार निमूटपणे हाड काढून घ्यावयास गेला, पण तोवर ते इतके एकजीव झाले होते की वैद्याला काढताच येईना. कथा खरी असो वा रचलेली, या शास्त्रातील प्रत्येक शोध, पाहावे तर, कोणाला तरी काहीतरी परत काढता न आल्यामुळेच लागलेला दिसतो.

"गाय कुठली?" मामलेदारसाहेबांनी चौकशी सुरू केली.

"परदेशातली, काका."

"म्हणजे जर्सीच्या जातकुळीतली. वशिंड आहे का?"

"स्कॅनमध्ये येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वशिंड नसलेली परदेशी गाय ही गोमातेच्या व्याख्येत बसते किंवा कसे, यावर मामलेदारसाहेबांनी स्वतःपुरता अनुकूल निकाल दिला. पण वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, त्या दिवशी दाढेचे काय करायचे, हा वहिनींचा मुद्दा त्यांना खोडता आला नाही. हे प्रकरण घरच्या गुरुजींकडे अभिप्रायार्थ पाठवावे असे ठरले. गुरुजी लग्नसराईत गुंतलेले, तारीख मिळेना. इकडे शस्त्रक्रियेची वेळ ठरलेली. शेवटी मामलेदारसाहेबांनी संमतिपत्रावर ठसठशीत सही केली आणि खाली बारीक अक्षरात 'शास्त्रार्थाच्या निर्णयास अधीन राहून' असा शेरा मारला. दंतवैद्यकाच्या इतिहासात असा शेरा दुसऱ्या कोणी मारलेला नसावा.

शस्त्रक्रियेच्या वेळी मला बाहेरच्या पडद्यावर आतले दृश्य पाहावयास मिळाले. आरंभी मामलेदारसाहेबांच्या दंडातून रक्त काढून ते एका यंत्रात गरगर फिरविण्यात आले. दहा-पंधरा मिनिटांनी नळीच्या मध्यभागी पिवळसर, लवचीक असा एक गोळा जमला. जखम भरून येण्यास लागणारा रक्तातील माल त्यात एकवटलेला असतो. २००१ साली फ्रान्समध्ये ही युक्ती निघाली. मग अर्ध्या ग्रॅमची एक कुपी फोडण्यात आली. एवढ्याशा चुऱ्याची किंमत मला आधी कळली असल्यामुळे मी ती कुपी सोनाराच्या दुकानातील गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहात होतो, आणि दोन दाणे चिमट्यातून सुटून ताटलीत पडले तेव्हा आत व बाहेर मिळून दोघांचा श्वास अडला. पिवळा गोळा बारीक कातरून चुऱ्यात कालविला, तेव्हा ते सुटे दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा ओलसर, गुलाबी लगदा झाला.

हिरडी बाजूला सारल्यावर गालाच्या बाजूच्या हाडात, पाण्याच्या धारेखाली, एक लंबगोल खिडकी कोरण्यात आली. खिडकीत सायनसचे अस्तर दिसू लागले: निळसर करडा, एका मिलिमीटरहून पातळ असा पडदा, आणि तो मामलेदारसाहेबांच्या श्वासाबरोबर हळूहळू आत-बाहेर होत होता. जन्मभर ज्या श्वासातून हुकूम सुटले, तो येथे एवढ्याशा झरोक्यातून दिसावा, याची मला मौज वाटली. डॉक्टरीणबाईंनी बोथट, वाकड्या टोकाच्या हत्याराने तो पडदा हाडापासून सोडवीत सोडवीत वर उचलला. हे करताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या मदतनीस मुलीनेही तोंडाशी धरलेली नळी तसूभर हलविली नाही. पडदा फाटला की दिवसभराचे काम गेले, हे दोघींना ठाऊक होते. उचललेल्या पडद्याखाली जी पोकळी झाली तीत तो लगदा थोडा थोडा भरला, खिडकीवर कोलॅजनचा तुकडा कात्रीने बेतून ठेवला, आणि हिरडी शिवून टाकली. सायनसची हद्द नऊ-दहा मिलिमीटरांनी मागे हटली होती.

या शस्त्रक्रियेनंतरचे नियम मात्र कोणत्याही कारागृहाच्या नियमावलीला लाजविणारे आहेत. दोन आठवडे नाक शिंकरावयाचे नाही, स्ट्रॉने काही ओढावयाचे नाही, फुगा फुगवावयाचा नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावयाची. कारण मिटल्या तोंडाच्या शिंकेचा दाब थेट नव्या भरतीवर जातो. मामलेदारसाहेब पन्नास वर्षांचे तपकीरबहाद्दर. त्यांची डबी वहिनींनी देवघराच्या फडताळात कुलूपबंद केली, आणि आरतीच्या वेळी शंख फुंकण्याचा त्यांचा परंपरागत हक्क धाकट्या नातवाकडे हंगामी स्वरूपात वर्ग झाला. तरी शिंका यावयाच्या त्या आल्याच. पहिल्या उघड्या तोंडाच्या शिंकेचा आवाज असा काही निघाला की, समोरच्या बिऱ्हाडातील मंडळी कोणाला लागले का ते पाहावयास धावली. शुभकार्याला निघताना कोणी शिंकले की थांबावे, हा आपल्याकडील जुना नेम. नातीच्या लग्नाची याद्यांची बैठक चालू असताना आजोबांनी तोंड आ करून एकामागून एक तीन शिंका दिल्या, तेव्हा व्याह्यांच्या मनात नेमके काय आले असेल ते सांगवत नाही.

आणि मग प्रतीक्षा. शरीर त्या भरतीत हळूहळू रक्तवाहिन्या घालते. हाड खाणाऱ्या पेशी परका माल थोडा थोडा कुरतडीत जातात, त्यांच्या मागून हाड रचणाऱ्या पेशी नवा माल मांडीत येतात, आणि परक्या दाण्यांतील काही मात्र वर्षानुवर्षे तसेच, स्वकीय हाडाने चहूकडून वेढलेले, राहून जातात. या कामाला सहा ते नऊ महिने. त्यानंतर खुंट, खुंट पक्का व्हावयास आणखी तीनेक महिने, आणि त्यानंतर वरचा दात. हा हिशेब वहिनींनी बोटांवर केला आणि त्यांच्या लक्षात आले की, मार्गशीर्षातले लग्न तर सोडाच, पुढल्या आषाढापर्यंतही फोटोची सोय होत नाही. "असू दे," त्या म्हणाल्या, "बारशाच्या फोटोत दिसतील." नातीने हे ऐकले आणि ती आजोबांवर चार दिवस रुसली. मामलेदारसाहेबांना मात्र या विलंबाचे काहीच वाटले नाही. ज्या माणसाने कूळकायद्याच्या अपिलांत उमेदवारी केली, त्याला नऊ महिने म्हणजे तातडीचाच निकाल. त्यांनी 'जबडा' या नावाची एक फाईल उघडली, तीत स्कॅन, पावत्या आणि कुपीवरचा क्रमांक चिकटविलेला कागद अनुक्रमे लावला, आणि भेटावयास येणाऱ्या प्रत्येकाला ती चहाच्या आधी दाखविली.

गुरुजी आले ते लग्नसराई आणि चातुर्मास आटोपून, सावकाश. एव्हाना भरतीचा बराचसा भाग मामलेदारसाहेबांच्या स्वतःच्या हाडात जमा झाला होता, आणि टायटॅनियमचे खुंटही रोवून झाले होते. तरीही शेऱ्याप्रमाणे निर्णय घेणे भाग होते. फाईल पुढे ठेवून मामलेदारसाहेबांनी मुद्दे मांडले: गोअस्थीचा अंश मुखात असता नित्यपूजेचा अधिकार राहतो की नाही, वसुबारसेला काय करावे, आणि पुढेमागे अस्थिसंचयनाचा प्रसंग आल्यास टायटॅनियम हे १६६८ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नसल्यामुळे राखेत जे खुंट सापडतील, त्यांची गणना अस्थींत करावी की भांड्यांत.

गुरुजींनी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पावतीपर्यंत वाचली. पावतीवरच्या आकड्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, दाराकडे वहिनी नाहीत ना ते पाहून घेतले, तोंड उघडून डाव्या बाजूचा वरचा मागचा कोपरा बोटाने ताणून दाखविला आणि मामलेदारसाहेबांना विचारले, "दोन दाढा एकदम केल्या तर त्या बाई काही कमी करतात का हो?"